इम्प्लांट बसवण्याआधी डॉक्टरांना काय सांगावं, काय विचारावं



मी झाशीत गेली २२ वर्षं दातांचा दवाखाना चालवतो. घरात मराठी, दवाखान्यात हिंदी आणि बुंदेली. आमच्यासारखी मराठी घरं इथे नेवाळकरांच्या काळापासून आहेत, काही नंतर रेल्वेच्या नोकरीने आली. आता या घरांमधली मुलं पुणे, इंदूर, बंगळूर अशी पांगली आहेत आणि आईवडील इथे आहेत. त्यामुळे माझ्याकडे इम्प्लांटची चौकशी बहुतेक वेळा फोनवरून सुरू होते. मुलगा सांगतो, "डॉक्टर, बाबांना कवळी नको. इम्प्लांट करून टाका, पैशांचं मी बघतो." बाबा समोर बसलेले असतात आणि मान हलवतात. बाबांना मधुमेह किती आहे, तंबाखू सुटली का, हाडाची अवस्था काय, हे अजून कोणी विचारलेलंच नसतं.

आज त्याबद्दलच बोलणार आहे. इम्प्लांट चांगला उपचार आहे, मी स्वतः तो करतो. पण त्याआधी पेशंटने काही गोष्टी डॉक्टरांना सांगायच्या असतात आणि काही विचारायच्या असतात. त्या राहिल्या तर काय होतं, हे मी माझ्याच चुकीपासून सांगतो.

माझी चूक

काही वर्षांपूर्वी एक आजी आल्या. वय ६७, यजमान रेल्वेतून निवृत्त. खालच्या मागच्या दोन दाढा गेलेल्या. आम्ही सगळ्यांना देतो तो फॉर्म त्यांनाही दिला. "कोणती औषधं चालू आहेत?" यापुढे त्यांनी लिहिलं, "बीपीची गोळी, रोज एक." साखर ठीक होती, एक्स-रेमध्ये हाड ठीक दिसलं. मी दोन इम्प्लांट बसवले.

चार महिन्यांनी दोन्ही हलायला लागले. काढून टाकले, तर जखम भरेना. हिरडीतून हाडाचा उघडा, पिवळसर तुकडा दिसत होता. तेव्हा मी शेजारी बसून विचारलं, "आजी, हाडांसाठी कधी काही घेतलंय का?" त्या म्हणाल्या, "औषध असं काही नाही हो. वर्षातून एकदा ताकदीचं सलाईन लावतात, पाच वर्षं झाली. मागे मनगट मोडलं होतं ना, तेव्हापासून."

ते सलाईन झोलेड्रॉनिक अॅसिडचं होतं. हाडं ठिसूळ झाली की देतात, आणि ते उपयोगी औषध आहे. पण अशा औषधांमुळे हाडाची झीज आणि भर यांचं रोजचं काम मंदावतं, आणि क्वचित जबड्याचं हाड जखमेनंतर भरून येत नाही. २००३ पासून वैद्यकीय जगात हा धोका नोंदला गेलेला आहे. मला तो माहीत होता. पण माझ्या फॉर्मवर "औषधं" असं लिहिलेलं होतं, आणि आजींच्या मते औषध म्हणजे रोजची गोळी. वर्षातून एकदा लागणारं सलाईन त्यांना औषध वाटलंच नाही. त्या काही लपवत नव्हत्या. मी नीट विचारलं नव्हतं.

जखम भरायला सात महिने लागले. दर आठवड्याला त्या रिक्षाने यायच्या, मी धुऊन द्यायचो. आता काढता-घालता येणारी कवळी वापरतात. पैसे मी परत केले, पण ते सात महिने परत करता आले नाहीत. शेवटच्या दिवशी जाताना म्हणाल्या, "बाळा, पुढच्या बाईला नीट विचार." तेव्हापासून मी फॉर्म देत नाही, समोर बसून विचारतो. आणि आज तुम्हाला सांगतो आहे, म्हणजे डॉक्टर विचारायला विसरले तरी तुम्ही सांगाल.

इम्प्लांट म्हणजे नक्की काय

दात नव्हे, दाताचं मूळ. टायटॅनियमचा एक स्क्रू जबड्याच्या हाडात बसवतात. त्याच्यावर एक जोडतुकडा येतो, त्याला अबटमेंट म्हणतात, आणि त्याच्यावर कॅप. म्हणजे तीन भाग. भाव विचारताना हे तीन भाग लक्षात ठेवा, पुढे काम पडेल.

हा स्क्रू सिमेंटने चिकटवलेला नसतो. हाडाच्या पेशी टायटॅनियमच्या पृष्ठभागाला थेट धरून वाढतात. हे लक्षात आलं ते स्वीडनचे पेर-इंगव्हार ब्रोनेमार्क यांना. १९५२ च्या सुमाराला ते सशांच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी हाडात बसवलेली टायटॅनियमची छोटी नळी प्रयोग संपल्यावर निघेचना, हाडाने ती धरून ठेवली होती. १९६५ मध्ये त्यांनी योस्टा लार्सन नावाच्या माणसाच्या खालच्या जबड्यात असे चार स्क्रू बसवले. लार्सन २००६ मध्ये गेले, तोवर ४० वर्षं ते इम्प्लांट काम देत होते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, इम्प्लांट खूप वर्षं टिकू शकतो. आजचे मोठे अभ्यास सांगतात की दहा वर्षांनी १०० पैकी साधारण ९५ इम्प्लांट तोंडात असतात. दुसरी, तो धरून ठेवण्याचं काम हाड करतं, आणि हाड तुमचं आहे. डॉक्टरचा हात कितीही चांगला असला, स्क्रू कितीही महाग असला, तरी हाड भरून यायला तुमचं शरीर तयार हवं. म्हणून आधी शरीराकडे बघू.

डॉक्टरांना न विचारता सांगायच्या पाच गोष्टी

एक, हाडांची औषधं. आठवड्यातून एकदा घ्यायची अॅलेन्ड्रोनेटसारखी गोळी, सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन, वर्षातून एकदाचं सलाईन. कॅन्सरच्या उपचारात हीच औषधं जास्त मात्रेत देतात, तिथे धोका बराच वाढतो. हाडांच्या ठिसूळपणासाठी घेणाऱ्यांत तो कमी असतो, पण डॉक्टरांना माहीत असलाच पाहिजे. आणि इम्प्लांट करायचाय म्हणून ही औषधं स्वतःच्या मनाने बंद करू नका. डेनोसुमॅब अचानक थांबवलं तर मणके मोडण्याचा धोका असतो. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलू द्या.

दोन, रक्त पातळ करणारी गोळी. स्टेंट बसलेला असेल, पक्षाघात होऊन गेला असेल, तर ही गोळी चालू असते. शेजारी सांगतात, "दात काढायच्या आधी पाच दिवस बंद कर." कृपा करून करू नका. हिरडीतलं रक्त दाबून थांबवता येतं. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर माणूस जातो. गोळी चालू ठेवायची की नाही हे हृदयाचे डॉक्टर ठरवतील.

तीन, मधुमेह. सकाळची एक साखर पुरत नाही, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी हवी. साखर आटोक्यात असेल तर मधुमेहींचे इम्प्लांट चांगले टिकतात. माझ्याकडे हा आकडा ८ च्या वर आला, तर मी दोन-तीन महिने थांबतो आणि आधी साखर आणायला सांगतो. पेशंट नाराज होतात. होऊ द्या.

चार, तंबाखू. इथे मला जरा थांबावं लागेल. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, आमच्या उत्तर प्रदेशात २०१३ मध्ये. आता टपरीवर मसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी मिळते, दोन्ही तोंडात एकत्र होतात. सिगरेट-विडी ओढणाऱ्यांचे इम्प्लांट निकामी होण्याचं प्रमाण न ओढणाऱ्यांच्या साधारण दुप्पट असतं. सुपारीचा त्रास आणखी वेगळा. गालाच्या आतलं अस्तर कडक होत जातं, तिखट सोसत नाही आणि तोंड उघडणं कमी होत जातं. घरी एक करून बघा. आपली तीन बोटं एकावर एक, उभ्या रांगेत वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये धरा. जात नसतील तर इम्प्लांटचा विचार बाजूला ठेवून आधी तोंड तपासून घ्या. तोंड उघडलं नाही तर दाढेच्या जागी ड्रिल उभं धरताच येत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे या आजारातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. माझ्याकडे इम्प्लांटची किंमत विचारायला आलेल्या दोन तरुणांना मी आधी बायॉप्सीला पाठवलं आहे. मशेरी लावणाऱ्या मावशी-काकूंनी ही तंबाखूच आहे हे धरावं. "मी तंबाखू खात नाही, फक्त दात घासते" असं सांगू नये.

पाच, जबड्याला दिलेलं रेडिएशन आणि झोपेत दात खाण्याची सवय. रेडिएशन झालेलं हाड हळू भरतं. दात करकर खाणाऱ्याच्या इम्प्लांटवर रात्रभर जोर येतो, कॅप फुटते, स्क्रू ढिला होतो. दात खाण्याची सवय स्वतःला कळत नाही, खोलीत झोपणाऱ्याला विचारा.

वय मात्र अडचण नसते. जबड्याची वाढ पूर्ण झालेली हवी, म्हणून शाळकरी मुलांना इम्प्लांट बसवत नाहीत. वरच्या बाजूला मर्यादा नाही. तब्येत बरी असलेल्या ८० वर्षांच्या माणसाचं हाडही भरून येतं.

इम्प्लांट हवाच का

हा प्रश्न विचारायला लोक लाजतात. डॉक्टरने सुचवलं म्हणजे तेच चांगलं असं धरतात. गेलेल्या दाताच्या जागी तीन रस्ते असतात.

शेजारचे दोन दात आधीच किडलेले, कॅप लागणारेच असतील, तर ब्रिज सरळ पडतो. तेच दात ठणठणीत असतील तर ते घासून लहान करण्यापेक्षा मधे इम्प्लांट बरा. सगळेच दात गेलेले असतील तर कवळी आहे. वरची कवळी टाळूला चिकटून बसते, खालची हलते, हे घरोघरी माहीत आहे. अशा वेळी खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला फक्त दोन इम्प्लांट घालून त्यावर बटणासारखी बसणारी कवळी करता येते. २००२ मध्ये कॅनडात मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी, बिनदाताच्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय मानावा असं म्हटलं. पूर्ण पक्क्या दातांपेक्षा खर्च बराच कमी आणि काढून धुता येते. ही सोय बऱ्याच आजी-आजोबांना कोणी सांगतच नाही.

आणि काहीच न करणं हाही पर्याय असतो. अगदी शेवटची दाढ गेली असेल आणि जेवणाला अडचण नसेल, तर ती जागा तशीच ठेवली तरी चालतं.

थांबायचं ठरवलंत तर एक लक्षात ठेवा. दाढ काढल्यावर तिथल्या हाडाची रुंदी पहिल्या वर्षात जवळजवळ निम्मी होते, आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांत होते. म्हणून दात काढण्याआधीच विचारा, "इथे पुढे इम्प्लांट करायचा झाला तर आत्ता काही करायला हवं का?" नंतर हाड कमी पडलं की कृत्रिम हाड भरावं लागतं, वरच्या मागच्या दाढांच्या जागी सायनसचा पडदा उचलावा लागतो. वेळ आणि पैसा दोन्ही वाढतं.

डॉक्टरांना काय विचारावं

विचारलं की डॉक्टर रागावतील ही भीती सोडा. चांगला डॉक्टर रागावत नाही.

"इम्प्लांट कोण बसवणार आणि त्यांचं शिक्षण काय?" इम्प्लांट ही आपल्याकडे एमडीएसची वेगळी शाखा नाही. हिरड्यांचे, कवळी-कॅपचे किंवा जबड्याच्या शस्त्रक्रियेचे तज्ज्ञ ते करतात, प्रशिक्षण घेतलेले बीडीएस डॉक्टरही करतात. बाहेरून महिन्यातून एकदा येणारे सर्जन असतील तर विचारा, पुढच्या महिन्यात सूज आली तर कोण बघणार?

"सीबीसीटी काढणार का?" हा जबड्याचा त्रिमितीय स्कॅन. साध्या एक्स-रेत हाडाची उंची दिसते, जाडी दिसत नाही. खालच्या जबड्यातून एक नस जाते, ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी. तिला धक्का लागला तर ओठ महिनोन् महिने, कधी कायमचा बधिर राहतो. मागच्या दाढांसाठी स्कॅन न काढता कोणी ड्रिल करणार असेल तर कारण विचारा.

"किती दिवस लागतील?" जुनी पद्धत खालच्या जबड्याला तीन महिने आणि वरच्याला सहा महिने थांबायची. आता काही पेशंटना त्याच आठवड्यात दात बसवता येतात. ते खोटं नाही. पण जाहिरातीत "तीन दिवसांत पक्के दात" वाचून जाऊ नका. "माझ्या हाडात हे चालेल असं कशावरून म्हणता?" असं विचारा, आणि उत्तर स्कॅन दाखवून द्यायला सांगा.

"सगळं मिळून किती?" फलकावरचा आकडा बऱ्याचदा फक्त स्क्रूचा असतो. अबटमेंट वेगळं, कॅप वेगळी, स्कॅन वेगळा, हाड भरलं तर तेही वेगळं. सगळं एका कागदावर लिहून घ्या. आरोग्य विम्याच्या बहुतेक पॉलिसी अपघात सोडून दातांचं काम धरत नाहीत, तेही आधी वाचा.

"निकामी झाला तर?" १०० पैकी ९५ टिकतात म्हणजे पाच टिकत नाहीत, आणि तुम्ही त्या पाचांत असू शकता. "लाइफटाइम गॅरंटी" असते ती कंपनीची, नवा स्क्रू देण्याची. तुमचं हाड, तुमचा वेळ, डॉक्टरची फी त्यात आहे का, हे आधी बोलून घ्या.

कागद जपून ठेवा

प्रत्येक इम्प्लांटच्या डबीवर स्टिकर असतं. कंपनीचं नाव, मॉडेल, जाडी, लांबी, बॅच क्रमांक. एक स्टिकर दवाखान्याच्या नोंदीत लागतं, एक तुम्हाला मिळायला हवं. मागून घ्या. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे सगळी वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली आहेत, तेव्हा निनावी स्क्रू तोंडात घालून घेण्याचं काही कारण नाही.

हे आपल्यासारख्यांना जास्त लागू आहे. माझ्याकडे एक काका आले. मुलाकडे पुण्याला गेले असताना इम्प्लांट बसवला, कॅपही तिथेच लागली. दोन वर्षांनी झाशीत तो जोडतुकडा ढिला झाला. काम दहा मिनिटांचं, आतला बारीक स्क्रू घट्ट करायचा. पण प्रत्येक कंपनीचा पेचकस आणि जोडणी वेगळी असते, आणि कंपनी कोणती हे काकांना ठाऊक नव्हतं. त्या दवाखान्याचा फोन लागेना. तीन पेचकस लावून बघितले, एकही बसला नाही. शेवटी काका पंजाब मेलने कल्याणला आणि तिथून पुण्याला गेले. दहा मिनिटांच्या कामाला दोन दिवसांचा प्रवास. ते स्टिकर मोबाइलमध्ये फोटो काढून मुलांनाही पाठवून ठेवलं असतं तर वाचला असता.

म्हणून अर्धं काम एका शहरात आणि अर्धं दुसऱ्या शहरात शक्यतो करू नका. करावंच लागलं तर दोन्ही डॉक्टरांचं बोलणं आधी घडवून आणा.

बसवल्यानंतर

इम्प्लांट किडत नाही. त्यामुळे लोक निर्धास्त होतात आणि तिथेच फसतात. खऱ्या दाताच्या मुळाभोवती धाग्यांची गादी असते, तिच्यामुळे दाब कळतो, दुखलं तर समजतं. इम्प्लांटला ती गादी नाही. भोवतीची हिरडी सुजते, हाड खाली सरकतं, आणि बराच काळ काही दुखत नाही. दुखायला लागतं तेव्हा स्क्रूचे आटे उघडे पडलेले असतात.

म्हणून ब्रश करताना इम्प्लांटजवळून रक्त आलं, वास आला, हिरडी लाल दिसली, तर लगेच दाखवा. दिवसातून दोनदा ब्रश आणि मधल्या फटीतला छोटा ब्रश रोज. सहा महिन्यांनी तपासणी, दुखत नसलं तरी. आणि ज्यांचे दात हिरड्यांच्या आजाराने हलून पडले, त्यांनी उरलेल्या दातांच्या हिरड्यांवर आधी उपचार करून घ्यावेत. तोच आजार इम्प्लांटभोवतीही येतो.

आईवडिलांसाठी इम्प्लांटचे पैसे पाठवणाऱ्या मुलांना माझी एक विनंती आहे. पैशांबरोबर एक तास द्या. आई-बाबांच्या औषधांची पिशवी टेबलावर ओतायला सांगा, व्हिडिओ कॉलवर एकेक पाकीट वाचा. त्यात नसलेलंही विचारा, वर्षातून एकदा लागणारं सलाईन, सहा महिन्यांनी घेतलेली सुई. यादी मराठीत लिहा, हिंदीत लिहा, चालेल. ती घेऊन त्यांना दवाखान्यात पाठवा.

माझ्या त्या आजी अजून येतात, कवळी घासून घ्यायला. परवा एका बाईंना घेऊन आल्या आणि मी तोंड उघडायच्या आधीच त्यांना म्हणाल्या, "ते सलाईनचं सांग आधी." त्या बाईंना तेच सलाईन तीन वर्षं चालू होतं. त्यांचा इम्प्लांट आम्ही केला नाही. शेजारचे दोन दात कॅपचेच होते, ब्रिज करून दिला. पंधरा दिवसांत त्या दोन्ही बाजूंनी चावून जेवायला लागल्या.